घाटंजीची मोटार आणि डोमाजीचा नग

तुमच्या घरातली जी वस्तू तुम्ही पाहुण्यांना 'अस्सल विलायती' म्हणून दाखवता, ती उलटी करून तिला कोणाचे हात लागले आहेत हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? आणि पाहिलं असेल, तर त्या माणसाचं नाव पाहुण्यांना सांगितलंत का?

हा प्रश्न विचारायचा मला फारसा अधिकार नाही, हे पुढं कळेलच. तरी विचारतो. यवतमाळ जिल्ह्यात आठ दिवस काढून मी परत आलो, तेव्हा माझ्याजवळ या प्रश्नाखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं.

नागपूरहून निघताना

मी आप्पा केळकरांकडे आठवड्यातून तीन दिवस टायपिस्ट म्हणून काम करतो. आप्पा सरकारी मोटार निरीक्षक होते. निवृत्त झाल्यावर ते जुन्या गाड्या तपासून त्यांचे अहवाल लिहून देतात. उरलेले चार दिवस मी चार पानी पत्रकं लिहितो आणि वाटतो. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. घरात पाटी नव्हती, म्हणून छापून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली आणि दुसरी बाजू वाचत मोठा झालो. सहा वर्षांपूर्वी नागपुरात आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. तेव्हापासून ढोंग दिसलं की मला राहवत नाही. निदान मी तसं समजत होतो.

कलकत्त्याच्या एका शौकिनाला जुन्या मोटारी जमवायचा नाद आहे. तिकडं अशा गाड्यांच्या चढाओढी होतात म्हणे, आणि कारखान्यातून आलेला भाग बदललेला निघाला की गुण कापतात. घाटंजीच्या एका जिनिंगवाल्यांकडे तीस वर्षांपूर्वीची इंग्लिश गाडी होती. सगळे लोक त्यांना भैयासाहेब म्हणतात. त्यांनी कलकत्त्याला कळवलं होतं की गाडीचा नटसुद्धा बदललेला नाही. शौकिनानं गाडी विकत घेण्याआधी ते खरं की खोटं हे पाहायला आम्ही निघालो होतो.

"ज्या देशात गहू बोटीनं येतो," मी बस-स्टँडवर म्हणालो, "तिथं एका नटाचं कूळ शोधायला दोन माणसं पाठवायची! लाज वाटायला पाहिजे."

"तुझा राग रास्त आहे," आप्पा म्हणाले. "पण तिकीट त्यानंच काढलंय. चढ."

बसमध्ये यवतमाळपर्यंत माझ्या टायपरायटरच्या पेटीवर तांड्यावरची एक बंजारा बाई बसली होती. आरशांचा घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, मांडीवर झोपलेली नात.

"अहो बाई, ते यंत्र आहे!"

"यंत्र हाय तं काय, चावते का?" ती म्हणाली आणि आणखी ऐसपैस बसली. उतरताना मात्र तिनं पदरानं पेटी पुसली आणि मला म्हणाली, "घे, तुह्या यंत्राले काही नाही झालं. माह्याच पायाले मुंग्या आल्या."

यवतमाळहून पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टेकड्यांवर साग फुलला होता. नागपूरकडं आम्ही साग पाहतो तो दारंखिडक्यांत. झाडावर त्याला असा पांढरट फुलोरा येतो, हे मी बाविसाव्या वर्षी पाहिलं. पोळा नुकताच झाला होता आणि बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरला नव्हता. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला आली होती. एका नाल्यात बस रुतली तेव्हा सगळे उतरून ढकलायला लागलो, आणि चिखल माझ्या चष्म्यापर्यंत उडाला. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, आता तुमी आमच्या गावचे दिसता."

घाटंजी, पहिला दिवस

भैयासाहेबांचं मोटारघर जिनच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात होतं. गाडी हिरव्या रंगाची, लांब नाकाची, पितळी कडांची. तिच्या खाली सतरंजी अंथरलेली होती. भैयासाहेब पन्नाशीचे, खादीतले, बोलायला गोड. त्यांनी आप्पांचं नाव विचारलं, माझं नाव विचारलं, मग माझं आडनाव विचारलं. जात विचारली नाही. ते स्वतःला सुधारक म्हणवतात. दुपारी आप्पांना आत बोलावणं आलं आणि माझं ताट मोटारघरात आलं. "कामात खंड नको म्हणून," असा निरोप होता. पाटोडीची रस्सेदार भाजी, पुऱ्या, वरून चिमूटभर साखर. जेवण उत्तम होतं, ते नाकारणार नाही. पण गाडीच्या चाकांना सतरंजी होती आणि मला फरशी, हेही मी पाहून ठेवलं.

गाडी कशी तपासतात ते मी त्या दिवशी प्रथम नीट पाहिलं. आप्पा सुरुवातीला गाडीला हातच लावत नाहीत. हात मागं बांधून तिच्याभोवती फिरतात. मग वाकतात. कारखान्याच्या बोल्टाच्या डोक्यावर बनवणाऱ्याची बारीक खूण असते, बाजारच्या बोल्टाचं डोकं कोरं असतं. मूळचा रंग पाटीखाली, बिजागरीमागं, जिथं कोणाचा कुंचला पोहोचत नाही तिथं पाहायचा. स्क्रूच्या खाचा एका रेषेत असतील तर लावणारा सावकाश काम करणारा होता, वाकड्यातिकड्या असतील तर घाईतला. डावं दार उघडून त्यांनी आतली लाकडी चौकट नखानं खरवडली आणि नाकाशी नेली.

"वास घे."

मी घेतला. "साग."

"या कंपनीच्या दारात पांढरं लाकूड असतं. हे दार या जिल्ह्यातल्या सुतारानं केलंय. चांगलं केलंय. लिही, 'बदललेलं'."

आप्पांच्या अहवालात प्रत्येक भागापुढं तीनपैकी एक शब्द असतो: मूळचं, दुरुस्त, बदललेलं. चौथा शब्द त्यांच्याकडं नाही.

संध्याकाळपर्यंत पाच भाग 'बदललेलं' निघाले. प्रत्येक वेळी भैयासाहेब चकित होत. "अरे! हे कधी झालं?" मला आनंद होत होता. खोटं बोलणाऱ्या धनिकाचं पितळ एकेका स्क्रूनं उघडं पडत होतं, आणि पेन्सिल माझ्या हातात होती.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी इंजिन पाहिलं. त्याच्या पुढच्या अंगाला पाण्याचा पंप असतो. त्याचं बाहेरचं अॅल्युमिनियमचं घर, त्याला मिस्त्री लोक पंपाची बॉडी म्हणतात. तिच्यावर कंपनीचं चिन्ह आणि पाच आकडी नंबर उठावदार होता. आप्पांनी दिवा धरला, नंबर वाचला, म्हणाले, "मूळचं."

मी थांबलो. आप्पांकडे एक वही आहे. चांगल्या गाड्यांच्या नंबरांवर पातळ कागद ठेवून, वरून पेन्सिल घासून घेतलेले ठसे तिच्यात चिकटवलेले आहेत. याच जातीच्या दुसऱ्या गाडीच्या पंपाचा ठसा त्यात होता; हा नंबर भागाचा असतो, त्या जातीच्या सगळ्या गाड्यांवर तोच. मी या बॉडीवर कागद ठेवला, पेन्सिल फिरवली आणि दोन्ही ठसे एकावर एक धरून दिव्यासमोर नेले. पहिला आकडा जुळत होता. पाचव्या आकड्यापर्यंत जाईतो आमचा ठसा केसभर मागं राहिला होता.

आप्पांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. "शाबास! ओतलेला धातू थंड होताना आकसतो. मूळच्या नगावरून साचा करून दुसरा ओतला की तो मूळच्याहून थोडा लहानच होणार. हा कंपनीचा नाही. इथंच कुठंतरी ओतलाय."

बॉडीच्या एका कोपऱ्यात धातू जास्त जाड होता. मी तेही टिपलं आणि पुढं लिहिलं, 'ओबडधोबड भर'.

भैयासाहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मला फसवलं की!" ते म्हणाले. "आमच्या जिनमधला मिस्त्री, डोमाजी. सात वर्षांपूर्वी दुरुस्तीला दिला होता नग. परदेशी मालाला तेव्हा परवाना मिळत नव्हता. त्यानं दुरुस्त करून आणून दिला, मी कंपनीचाच समजलो."

आप्पांनी मला मजकूर सांगितला: पंपाची बॉडी, बदललेली, स्थानिक ओतकाम. मग त्यांना चहाला बोलावणं आलं आणि टाइप करायला मी एकटा बसलो.

इथं मी जे केलं ते जसंच्या तसं सांगतो. मला 'बदललेली' हा शब्द मिळमिळीत वाटला. नंबर खोटा, चिन्ह खोटं, आणि शब्द मात्र असा सभ्य? माझ्या पत्रकांत मी असला शब्द खपवून घेतला नसता. मी टाइप केलं: 'बनावट, कंपनीचा खोटा नंबर घालून फसवणुकीच्या हेतूनं केलेली, करणारा, जिनचा मिस्त्री डोमाजी.' दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय न्याय करू नये, हे मी स्वतः किती वेळा छापलं असेल. त्या मिस्त्रीचं घर जिनपासून हाकेच्या अंतरावर होतं. मी उठलो नाही. आप्पांनी चहा घेऊन आल्यावर माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता सही केली. टपाल निघायच्या आत मी पोस्टात पळालो आणि मूळ प्रत कलकत्त्याला रवाना केली. कार्बनची प्रत भैयासाहेबांनी मागितली. मी देऊन टाकली. त्यांनाही टोचावं, अशी माझी इच्छा होती.

बाजाराचा दिवस

तिसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. आम्हाला परतीची बस दुपारी होती म्हणून मी फिरायला गेलो. वाळक्या मिरच्यांचे ढीग, मोहाची फुलं, जंगलातून आणलेली केरसुणीची पानं, बैलांच्या घुंगरमाळा. परत आलो तर आप्पांच्या खोलीबाहेर एक माणूस उभा. तिशीतला, काटक, स्वच्छ धुतलेला सदरा, हातात टोपी.

"जय भीम, भाऊ. तुमीच नं नागपूरचे? मी डोमाजी. मिस्त्री."

मी मान हलवली.

"आयकलं का, तुमी साहेबलोकांनी माहा पंप पाह्यला. कसा वाटला?"

त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी कसा सांगू! शाळेत कविता निवडली गेली की मुलं अशी दिसतात.

"तुझा पंप?" मी म्हणालो.

"माहाच तं! सात वर्षं झाली, चालूनच राह्यला. एक थेंब गळला नाही. भैयासाहेबायनं फुटका नग आणून देला, म्हने हुबेहूब असाच पायजे, कोनाले फरक समजला नाही पायजे. मंग म्या फुटके तुकडे लाखेनं चिकटवले, त्याचाच फर्मा केला, वाळूत दाबला. जुने पिस्टन वितळवले. तीन खेपा फसलो. चौथ्या खेपेले आला."

"आणि नंबर? तो कशाला घातलास?"

त्याला प्रश्नच कळला नव्हता. "थो तं फर्म्यावरच होता नं, भाऊ. वाळूत आपोआप उठला. एक आकडा जरासा दबला होता, थो म्या छिन्नीनं साफ केला. मले इंग्रजी कुठं येते? नक्षी हाय का नंबर हाय, मले काय मालूम! हुबेहूब म्हनलं होतं. काढून टाकला असता तं मालक म्हनला असता, डोमाजीनं काम अर्धं केलं."

"आणि तो कोपऱ्यातला जाड भाग?"

"थेच तं सांगाले आलो!" तो जवळ आला. "कंपनीचा नग तिथंच फुटला होता. पातळ होता तिथं. म्हनून म्या फर्म्याले मेण लावून भर घातली. हुबेहूब म्हनलं होतं, पन पुन्हा फुटाले कायले पायजे? तेवढं एक म्या माह्या मनानं केलं. मालकाले सांगतलं बी तवाच."

मग त्यानं कामाचं सांगितलं. जिन वर्षातून चार-पाच महिने चालतं, उरलेले दिवस तो निंदण-खुरपणाला जातो. यवतमाळच्या एका सरकारी वर्कशॉपात ओतकाम जाणणारा फिटर पाहिजे होता. त्यानं अर्ज केला होता. तिथल्या साहेबांनी म्हटलं होतं की कोण्या जाणत्या माणसाचा कागद आण, की तुला हे काम येतं. येत्या दिवाळीनंतर तो वयाच्या अटीबाहेर जाणार होता. "तुमच्या साहेबायनं दोन ओळी लिहून देल्ल्या, का पंप डोमाजीनं केला, तं माहं काम होते."

आप्पा आतून सगळं ऐकत होते. बाहेर आले, मला म्हणाले, "प्रत वाच." माझ्याजवळ ठेवलेली दुसरी कार्बन प्रत मी वाचली.

"मी 'बदललेली' सांगितलं होतं," आप्पा म्हणाले. "फसवणुकीचा हेतू तुला कुठं दिसला? वाळूत?"

अहवाल इंग्रजीत होता आणि डोमाजीला इंग्रजी येत नव्हतं, पण मराठीत सांगावं लागलंच. मी सांगितलं. तो ओरडला नाही. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाला, "चला घरी. भाकर तं खा. बस गेली तं जाऊ द्या."

त्याचं घर बौद्धवाड्याच्या टोकाला. त्याच्या बायकोनं, सखूबाईनं, ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. आमच्याकडं अंबाडीत हरभऱ्याची डाळ घालतात, इथं ज्वारीच्या कण्या घालतात आणि वरून लसणाचं कडकडीत तेल. आप्पांनी दोनदा मागून घेतली. मी भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवला होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुमीच का थे लिवनारे?" तिनं मला विचारलं.

"हो, वहिनी."

"इथून जिन किती दूर हाय?"

"जवळच आहे."

"मंग येऊन इचारलं असतं तं पाय झिजले असते का?"

"सखू, राहू दे," डोमाजी म्हणाला.

"काहून राहू देऊ? भैयासाहेबानं लिवलं असतं तं मी काही नसती म्हनली. त्याच्याकून आस नाही. आपल्यातल्याच शिकल्या पोरानं लिवलं, म्हनून बोलून राह्यली." तिनं माझ्या ताटात आणखी भाकर टाकली. "खा. अन्नावर राग नको."

भैयासाहेब

आप्पांनी तिथंच, डोमाजीच्या ओसरीवर, दुसरा कागद लिहिला: बॉडी डोमाजीनं मालकाच्या सांगण्यावरून केली, काम उत्कृष्ट, कोपऱ्यातली भर ही मूळ रचनेतली सुधारणा. कलकत्त्यालाही तशी दुरुस्ती पाठवली. मग आम्ही कार्बन प्रत परत मागायला भैयासाहेबांकडे गेलो.

"प्रत?" ते म्हणाले. "ती तर सकाळीच यवतमाळला पाठवली. वर्कशॉपच्या साहेबांकडे, डोमाजीनं अर्ज केलाय तिथं. असा माणूस सरकारी कामात जाऊ नये, नागरिक म्हणून माझं कर्तव्य आहे."

"पण हुबेहूब करायला तुम्हीच सांगितलं होतं!" मी म्हणालो.

"कोण म्हणतं?"

"डोमाजी."

"आणि अहवाल काय म्हणतो? तुमचाच आहे ना?" ते हसले. मग आप्पांकडे वळून म्हणाले, "केळकरसाहेब, मला ठाऊक होतं असं मी लिहून दिलं, तर कलकत्त्याला मी खोटा ठरतो. तुम्हीच सांगा, एका मिस्त्रीसाठी मी हे करावं?"

"एकदा पंप खोलून वर्कशॉपच्या माणसांना दाखवू द्या," आप्पा म्हणाले.

"गाडीला आता कोणी हात लावायचा नाही." मग फाटकापर्यंत आम्हाला सोडताना ते अगदी सहज म्हणाले, "आणि डोमाजी उपाशी थोडाच मरणार आहे! आमचं जिन आहे की. असा मिस्त्री पंचक्रोशीत नाही."

तेव्हा मला सगळं कळलं. गाडीचे पैसे कमी येणार म्हणून त्यांना राग आला होता हे खरं, पण प्रत यवतमाळला गेली ती रागानं गेली नव्हती. चार महिन्यांच्या मजुरीत बारा महिन्यांचा कारागीर त्यांना हवा होता. तो निसटू नये म्हणून लागणारी दोरी मी वळून दिली होती.

यवतमाळ

वर्कशॉपचे अधिकारी सभ्य होते. त्यांनी आम्हा तिघांनाही खुर्च्या दिल्या. डोमाजी उभाच राहिला, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितलं, "बसा." त्यांच्या टेबलावर दोन कागद होते. एक माझा, एक आप्पांचा.

"दोन्हींवर सही तुमचीच आहे, केळकर," ते म्हणाले. "मी कोणता खरा मानू?"

"दुसरा," आप्पा म्हणाले. "पहिल्यावर मी न वाचता सही केली. चूक माझी."

"पहिल्यातले शब्द माझे आहेत," मी म्हणालो. "त्यांनी सांगितलेलेही नव्हते."

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"यांच्याकडून इथंच एखादा नग ओतवून घ्या. कळेलच," मी म्हणालो.

"कसबाबद्दल मला शंकाच नाही. तुमच्या पहिल्या अहवालावरूनच कळतं की माणूस हुशार आहे. प्रश्न दानतीचा आहे. आमच्या भांडारात कंपन्यांचे सुटे भाग असतात. उद्या कोणी म्हणालं की खोटे नंबर घालणारा माणूस तुम्ही आत घेतला, तर मी काय दाखवू? मालकानं लिहून दिलं असतं की मीच सांगितलं होतं, तर प्रश्न मिटला असता."

"मालक नाही देनार, साहेब," डोमाजी म्हणाला. पहिल्यांदाच बोलला. "पन मी आजलोक शंभरक नग केले असतील. पंपाचे, इंजिनाचे, जिनचे. एकालेही कंपनीचा म्हनून नाही देला. ज्याले देला त्याले सांगतलं, का थो म्या केला. त्यायले इचारा."

अधिकाऱ्यांनी थोडा विचार केला. "ठीक. तशी चारपाच माणसांची पत्रं आणा. की हा भाग यांनी केला आणि आपला म्हणूनच दिला. दिवाळीपर्यंत अर्ज मी बंद करत नाही. त्यापुढं माझ्या हातात नाही."

बाहेर आल्यावर डोमाजी म्हणाला, "मानूस चांगला हाय." मला राग आला होता. चांगल्या माणसालाही माझ्या एका शब्दाची भीती वाटत होती.

राळेगावकडे

आप्पा नागपूरला गेले. मी आणि डोमाजी भाड्याच्या दोन सायकली घेऊन त्याचे नग शोधत फिरलो. चार दिवस. त्याला प्रत्येक नग पाठ होता: या विहिरीवरच्या इंजिनाचं झाकण, त्या जिनमधलं दात्यांचं चाक, पिठाच्या गिरणीची बैठक. इंजिन चालू असलं की तो लांबूनच थांबायचा आणि कान द्यायचा. "आयका. चालूनच राह्यलं नं?"

राळेगावजवळ एका बागाईतदाराच्या विहिरीवरच्या इंजिनात डोमाजीचा नग सहा वर्षं चालत होता; त्यानं आम्हाला चहा दिला. मला कपात आणि डोमाजीला ग्लासात, मग माझं नाव कळल्यावर दुसऱ्यांदा मलाही ग्लासातच. तो मनमोकळा होता.

"डोमाजीनंच केला, बापा! त्याच्यासारखा हात नाही कोनाचा. तवाच सांगतलं होतं त्यानं, का म्या ओतला म्हनून."

"मग तेवढंच दोन ओळींत लिहून द्या," मी म्हणालो.

तो मान खाजवू लागला. "लिहून कायले द्यायचं? उद्या इंजिन इकाचं म्हनलं, तं लोक म्हनतील याच्यात गावठी माल हाय."

"पण चालतंय ना सहा वर्षं?"

"चालून राह्यलं, थे तं तुमी पाहूनच राह्यले. पन कागदावर नाही, भाऊ."

गिरणीवाला म्हणाला, विचार करून सांगतो. एका जिनच्या मॅनेजरनं भैयासाहेबांचं नाव ऐकून विषय बदलला. एक म्हातारा कुणबी मात्र ताबडतोब अंगठा द्यायला तयार झाला. त्याच्या मोटेचं चाक डोमाजीनं केलं होतं. त्यानं शाईत अंगठा बुडवला आणि विचारलं, "दोन अंगठे देऊ का? दोन मानसायचे होतील." डोमाजी इतका हसला की सायकल पडली. प्रवासात तेवढंच हसू.

चार दिवसांत एक अंगठा. परतताना डोमाजी मला म्हणाला, "भाऊ, तुमी आता जा. माहं निंदण चालू हाय, रोज बुडून राह्यला." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

परत आल्यावर

गाडी कलकत्त्याला गेली. थोडी कमी किंमत घेऊन भैयासाहेबांनी ती विकली. चढाओढीत ती उतरली की नाही, मला ठाऊक नाही. उतरली असेल तर डोमाजीच्याच पंपावर उतरली असेल, नाहीतर तो पंप काढून फेकला असेल. मी तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही.

या फेरीचं वर्णन मी पत्रक म्हणून छापू शकलो असतो. भैयासाहेबांवर चार पानं सहज झाली असती, आणि वाचून आमची मंडळी खूश झाली असती. पण डोमाजीला शत्रूवरची चार पानं नको आहेत. त्याला चार माणसं पाहिजेत. आपल्या इंजिनात गावच्या माणसानं केलेला भाग आहे आणि तो कंपनीच्या भागाहून जास्त टिकला, हे सांगायला आपल्याला लाज वाटते. ही लाज कोणी शिकवली ते मी इथं लिहीत बसत नाही. तिच्यापायी एका माणसाचं आयुष्य दर भाद्रपदात निंदणाला जातं, एवढं मी पाहून आलो.

म्हणून घाटंजी, राळेगाव, पुसद, आर्णी या भागातल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. मासिक खाली ठेवा आणि आपल्या विहिरीवरचं, गिरणीतलं, जिनमधलं इंजिन पाहून या. त्यात डोमाजी मिस्त्रीच्या हातचा एखादा नग असेल, तर साध्या कार्डावर एवढंच लिहा की हा भाग डोमाजीनं केला, आणि देताना तो आपण केला असं त्यानं स्वतः सांगितलं. खाली तुमचं पूर्ण नाव घाला आणि कार्ड या मासिकाच्या संपादकांकडे पाठवा. वर्कशॉपपर्यंत मी स्वतः नेऊन देईन. तीन कार्डं कमी आहेत, आणि दिवाळी जवळ आली आहे.